बावीस पानांचा संच

राग माझ्या नाकावर असतो. कळंबच्या शाळेत मी चित्रकला शिकवायची तेव्हा मुलं मला पाठीमागं लवंगी म्हणायची, आणि मला ते ठाऊक होतं. त्या रागापायी मी एका गरीब पोपटवाल्याच्या अंगावर धावून गेले, त्या रागापायीच मुंबईहून पत्ते मागवले. आणि ज्या सकाळी खरोखर आरडाओरडा करून घर डोक्यावर घ्यायला हवं होतं, त्या सकाळी मी शहाण्यासारखी, समजूतदारपणे वागले. त्याबद्दल मला अजून कुणाशी बोलता आलेलं नाही. लिहून बघते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. घरात आबा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत शिपाई. मी, लग्न न झालेली. आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी थोरली बहीण, अक्का. पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळं ह्या वेळी आम्ही सगळेच तिला फुलासारखं जपत होतो. तिचे मालक, आमचे दाजी, तेही आमच्याकडंच राहायचे, कारण गावापासून दीड मैलावर सोसायटीची विहीर खोल करायचं काम निघालं होतं. वीसेक शेतकऱ्यांनी सहकारी पद्धतीनं मिळून घेतलेली ती विहीर. दाजी सुरुंगाचे कारागीर. खडकात भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि कमरेच्या दोरानं भराभर वर यायचं.

दिवस मावळताना बार उडायचे. दाजी सकाळी सांगून जायचे, आज पाच, आज सहा. संध्याकाळी अक्का अंगणात बसायची आणि आवाज आला की एकेक बोट मिटायची. आकडा भरला की उठून चूल पेटवायची. तोवर चुलीला हात लावायची नाही. आवाज एक जरी कमी आला, तर एक बार दगडात जिवंत राहिलाय असं धरायचं. मग दुसरा अख्खा दिवस कुणी खाली उतरायचं नाही, आणि उतरायच्या आधी त्या भोकात पाणी ओतून दारू भिजवायची. हा नियम मला दाजींनीच सांगितला होता. पण त्या वर्षी दगडात ओतायला घागरभर पाणी कुणाकडं होतं? टँकरच्या रांगेत बाया एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या.

आणि अशा दिवसांत मला टॅरोचे पत्ते हवे होते. लोकांना हे सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडं बघतात. बघू द्या.

औरंगाबादला मी चित्रकलेचा कोर्स केला तिथं एक म्हातारे सर होते. त्यांच्याकडं एका जाड पुस्तकात युरोपातल्या ह्या जुन्या पत्त्यांची चित्रं होती. तिकडं लोक त्यावर भविष्य बघतात. सर म्हणायचे, भविष्य गेलं चुलीत, ही चिन्हांची बाराखडी आहे. एक संच घ्या, आठवड्याला एक पान समोर ठेवा, ते काढा, पुन्हा काढा, हात दुखेपर्यंत काढा. पण संच निवडताना घाई करू नका. खालचं वाचल्याशिवाय चित्र बोलत नसेल तर घेऊ नका. आणि सगळी पानं पसरून बघा, चित्रकार कुठं भ्यालाय. भ्यालेल्या माणसाचा संच अभ्यासाला चालत नाही. हे शेवटचं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

टॅरो काही आमच्या बाजारात मिळत नव्हते. म्हणून आधी वाटलं, आपल्याकडचे पत्ते काय वाईट आहेत? आठवडी बाजारात पोपटवाला बसायचा. पिंजऱ्यातला राघू बाहेर येऊन चोचीनं एक पान ओढायचा, त्यावर देवादिकांची, ग्रहांची रंगीत चित्रं. मी जाऊन बसले. पहिल्यांदा लक्ष्मी निघाली. म्हटलं, पुन्हा. मारुती निघाला. पुन्हा. भरलेला कलश.

"समदी पानं पसरून दाखवा," मी म्हणाले.

"तसं न्हाय करता येत बाई. राघू काढंल ते तुमचं."

मी ऐकते होय! गठ्ठा ओढून घेतला आणि तिथंच जमिनीवर पसरला. शनी नाही, राहू नाही, यम नाही. एकही वाईट पान नाही. पोपटवाल्यानं इकडंतिकडं बघितलं आणि अंगरख्याच्या आतून एक लहान पिशवी काढून दाखवली. वाईट पानं त्यात होती.

"गेल्या साली हुती की ह्यातच. औंदा बाजूला ठिवली."

"काऊन?"

"दिवसभर खडी फोडून बाई म्होरं येऊन बसती. तिला काय सांगू, तुझ्या मागं साडेसाती हाय? तिला काय ठावं न्हाय व्हय?"

मी डोक्यात राख घालून घेतली. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता, लाज वाटत नाही का, मुक्या पाखराला पापात ओढता, असं काय काय बोलले. माणसं जमली. पोपटवाला शांतपणे पानं गोळा करत होता. "तुमच्या घरात समदे धडधाकट दिसतेत," तो एवढंच म्हणाला. "चांगलं हाय." मी तरातरा घरी आले आणि आबांना सगळं सांगितलं. आबा खूश झाले. "बरं केलंस," म्हणाले.

मग कोर्सातल्या एका मैत्रिणीला पत्र टाकलं. ती मुंबईला छापखान्यात नोकरीला होती. तिनं जुन्या पुस्तकांच्या दुकानात चौकशी केली. परदेशी हिप्पी लोक परत जाताना असले पत्ते विकून जातात म्हणे. तीन संच मिळाले. कुठला पाठवू, असं तिनं विचारलं. मी उलट लिहिलं, तिन्ही संचांतलं मरणाचं पान बघ आणि जसंच्या तसं काढून पाठव.

तिनं आंतरदेशीय पत्रावर पेनानं तीन चौकटी काढून पाठवल्या. पहिल्या संचात मरण पांढऱ्या घोड्यावर बसून आलेलं, हातात फुलाचं निशाण. ह्या संचात अठ्ठ्याहत्तर पानं, सोबत अर्थ सांगणारी पुस्तिका. सुरेख होता, पण माझ्या आधीच कुणीतरी सगळा अभ्यास उरकून ठेवल्यासारखा. दुसरा नवाकोरा, त्यात मरणाच्या जागी चक्क फुलपाखरू काढलेलं. तो मी तिथल्या तिथं बाद केला. तिसरा जुना, मळका, फक्त मोठी बावीस पानं, जाड काळ्या रेघा आणि चारच रंग. त्यात एक हाडाचा सापळा कोयता घेऊन काळ्या रानात उभा, आणि जमिनीतून माणसांची डोकी, हात, पाय वर आलेले. बाकी प्रत्येक पानाखाली नाव आहे, असं तिनं बाजूला लिहिलं होतं. ह्या तेराव्या पानाखाली जागा कोरी होती.

हा चित्रकार भ्याला नव्हता. मी तारेसारखं एका ओळीत उत्तर लिहिलं, तिसरा पाठव.

पार्सल आलं तेव्हा खरी परीक्षा आबांची होती. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आबांनी घरातले देव टोपलीत घालून मांजरा नदीच्या डोहात सोडले होते. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, पंचांग नाही. त्यांनी डबा उघडला, चष्मा लावला.

"देव हायती का ह्यात?"

"न्हाईत. एक तिकडचा धर्मगुरू आहे. एक पंखवाला आहे." खोटं कशाला बोला.

"किती हायती समदी?"

"बावीस."

आबांनी मान वर केली. बावीस म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट, बावीस प्रतिज्ञा. त्या आबांना पाठ होत्या आणि आम्हा दोघी बहिणींकडून त्यांनी त्या घोकून घेतल्या होत्या. त्यांनी बोटाला थुंकी लावून एकेक पान मोजलं. "बावीस भरली," म्हणाले. मग डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "शीक. शिकायला माझी ना न्हाय. पण ह्याच्यावर कुणाचं भविष्य सांगितलंस, तर जी वाट देवांची झाली तीच ह्याची हुईल." मी शब्द दिला.

अभ्यास सुरू झाला. शाळेतून आले की बोर्डावर कागद लावायचा आणि पान समोर ठेवायचं. अक्का शेजारी बसून नावं ठेवायची. एका पानावर एक बाई नदीकाठी गुडघा टेकून दोन घागरी रिकाम्या करते, वर चांदण्या. ते बघून अक्का भडकली. "मुडदा बशिवला हिचा! दोन घागरी भुईवर वततीय! आन ते बी उघडी बसून!" दाजी पोट धरून हसले. शिंगवाल्या सैतानाचं तोंड त्यांना सोसायटीच्या एका माणसासारखं वाटायचं, ते पान बघायला ते रोज मागायचे.

एक पान मात्र त्यांनी हातात बराच वेळ धरलं. दोन खांबांच्या मधे आडवं लाकूड, त्याला एका पायानं उलटा टांगलेला माणूस. "ह्यो तर आमच्या विहिरीवरचाच हाय," दाजी म्हणाले. "पर येड्यांनी पायाला दोर बांधलाय. कमरंला बांधायचा असतोय."

"ठिवा ते खाली," अक्का म्हणाली. त्या दिवशी ती परत माझ्या शेजारी बसली नाही. मला त्या काळात उगीचच घाबरल्यासारखं व्हायचं. विहीर पस्तीस हात खाली गेली होती आणि खडक कोरडा ठणठणीत. बोरीबाभळी वाळल्या होत्या, गावात कुत्री दिवसासुद्धा रडायची.

शनिवारी संध्याकाळी मी तेरावं पान काढत होते. जमिनीतून वर आलेला एक पाय काही केल्या जमेना, तिसऱ्यांदा खोडत होते. त्या दिवशी सहा बार भरलेले. अक्का दारात येऊन उभी राहिली.

"किती झाले गं?"

"माझं लक्ष नव्हतं."

"मला पाच आले."

आबा ओट्यावर होते. ते म्हणाले, सहा झाले, दोन एकदम उडाले. दाजी आले, त्यांनाही खात्री नव्हती. विहिरीवरच्या माणसांत कुणी पाच म्हणत होतं, कुणी सहा. अक्कानं त्या दिवशी चूल पेटवलीच नाही, शेवटी मी पेटवली.

रविवारी सकाळी सोसायटीचा तो सैतानाच्या तोंडाचा माणूस सायकलवर आला. "सहा झाले पाव्हणं, म्या सोता मोजले. आज खाडा केला तर यारी दुसऱ्या गावाला जाईल." दगड वर ओढायची ती यारी सोसायटीनं मिनतवाऱ्या करून आणली होती. तो गेला. दाजींनी पायात चपला घातल्या आणि परत खाली बसले. कामाला निघालेला हा माणूस परत बसलेला मी कधी बघितला नव्हता.

"आजचा दिस ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली.

"आन लोकाला काय सांगू? भ्यालो?"

अक्का माझ्याकडं वळली. "तुझी ती पानं आण. ह्यांना एक काढू दे. जे निघंल ते निघंल."

दाजी हसले, पण नको म्हणाले नाहीत. आबा टँकरच्या रांगेला गेले होते. शब्द दिलेला मला आठवत होता, खोटं कशाला बोलू. पण अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता, पोटावर दोन्ही हात. मी आत गेले, डबा उघडला. वरच तेरावं. मनात म्हटलं, सातव्या महिन्यातल्या बाईपुढं हे निघालं तर? एकदा रिकामी झालेली आहे ती. दाजी तर जाणारच आहेत, पान कुठलंही निघो. जाणाऱ्याला निदान हसत जाऊ द्यावं. मी तेरावं काढलं. वीज पडून माणसं खाली कोसळतात तो बुरूज काढला. उलटा टांगलेला काढला. शिंगवाला राहू दिला, तो बघून दाजी हसले असते. तिन्ही पानं बोर्डाच्या कागदाखाली सरकवली आणि उरलेला गठ्ठा बाहेर आणला.

पोपटवाला तेव्हा मला आठवला का? नाही आठवला. हेच मला माझं सहन होत नाही.

दाजींनी पानं पिसली, डोळे मिटले, एक ओढलं. चांदण्यांखालची घागरीवाली निघाली.

"पाणी!" दाजी ओरडलेच. "पाणी लागतंय बघ आज! तुझी मुडदा बशिवली आली!" त्यांनी ते पान अक्काच्या तोंडासमोर नाचवलं. त्यांचा सगळा चेहरा बदलला. उठले, टोपी झटकली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. अक्कानं पान त्यांच्याकडून घेतलं. ते हातात धरून बसून राहिली. मला वाटलं, हिचा जीव भांड्यात पडला.

मी भाकरी टाकायला बसले. दुसरी तव्यावर होती तेव्हा आवाज झाला. एकच. सकाळी कधी बार उडवत नाहीत.

अंगणात अक्का बसलेली. "सहा," ती म्हणाली.

दाजी सगळ्यांत आधी उतरले होते, एकटे. पहार नव्या जागी म्हणून मारली ती जुन्या भोकाच्या कडेला लागली. एवढंच सांगते. वर काढलं तेव्हा मी तिथं होते आणि मी ते कधीही कागदावर काढणार नाही.

दोन दिवसांनी माणसांची ये-जा कमी झाल्यावर आबांनी ओट्यावर पडलेली पानं गोळा केली. मी दारातून बघत होते. बोटाला थुंकी लावून त्यांनी मोजली. पुन्हा मोजली. माझ्याकडं बघितलं. रागावतील, मारतील, आत्ताच्या आत्ता मांजरेला निघतील असं वाटलं. त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला.

"बावीस करून ठिव," म्हणाले. त्यानंतर मरेपर्यंत ह्या विषयावर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या हातचा चहा मात्र घ्यायचे.

अक्काला मुलगी झाली, जिवंत, गोरटी, दाजींच्या नाकाची. दुसऱ्या माणसांनी विहीर पुढं नेली आणि आणखी तीन हातांवर पाणी लागलं. गाव नाचलं. पुढच्या वर्षी पाऊसही बरा झाला, पोपटवाला परत बाजारात दिसला. सगळी पानं घालून बसला असेल. मी लांबूनच दुसऱ्या बोळानं गेले. त्याला काय तोंड दाखवणार होते?

अक्का पुढं ढोकीला गेली, कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाकाला. पोरीला तिनं तिथल्याच शाळेत घातलं. मी सुट्टीत एसटीनं जायची. एका उन्हाळ्यात त्या दोघी माझ्याकडं आल्या होत्या. पोर दहा-अकरा वर्षांची, नको तिथं हात घालणारी, तिनं माळ्यावरचा डबा शोधून काढला. मी ओरडणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "आण इकडं."

तिनं पानं मांडीवर घेतली आणि सावकाश चाळली. तेरावं आलं, बघितलं, खाली ठेवलं. बुरूज ठेवला. टांगलेला ठेवला. पोरीला दुकानात काहीतरी आणायला पाठवलं.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "त्या दिशी म्या वाईट पान निघायची वाट बघत हुते."

मला आधी कळलंच नाही.

"माझं ते ऐकत नव्हते. मला वाटलं, एवढी वंगाळ पानं हायती ह्यात, एखादं तर निघंलच. निघालं की म्या त्यांचे पाय धरणार हुते. आल्या पानाला बाईमाणूस भ्यालं तर कुणी हसत न्हाय. त्यांना बी बसायला निमित्त झालं असतं." तिनं घागरीवालीचं पान शोधलं, ते गुडघ्यावर ठेवलं. "आन निघालं हे. एवढ्या बावीसांतनं हेच निघालं. तवाच म्या सोडून दिलं. म्हणलं, त्यांचं जाणं ठरलेलंच हाय, माझ्या हातात काय न्हाय. दहा वर्षं म्या त्याच्यावरच उभी हाय बघ. न्हायतर त्यांना अडवलं न्हाय म्हणून डोकं फोडून घेतलं असतं."

मी खाली ठेवलेली तिन्ही पानं उचलली. तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी सहज, चहात साखर घातलीस का असं विचारावं तसं विचारलं.

"समदी पानं हुती न्हवं गं त्यात?"

ओट्याच्या पायरीवर पोरीच्या चपला वाजल्या. ती दुकानातून परत येत होती.

"होती अक्का," मी म्हणाले. "बावीसच्या बावीस."